न छापलेल्या ओळींचा हिशेब

विकणाऱ्याने आपल्या मालाची स्तुती करावी आणि घेणाऱ्याने ती ऐकून निम्मी सोडून द्यावी, हा व्यवहार बाजाराइतकाच पुरातन आहे आणि त्यात कोणी कोणाचा मोठा अपराध केला असे आपल्या पूर्वजांस फारसे वाटत नसे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या कंटकशोधन या अधिकरणात हलका माल भारी म्हणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला दंड सांगितला आहे खरा. परंतु तेथे अपराध ठरतो तो वस्तूची जात, तिचे माप आणि वजन यांवरून सिद्ध करता येणारा. इंग्रजी कायद्याचेही धोरण दीर्घकाळ असेच होते की खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत, माल पारखून घ्यावा आणि फसगत झालीच तर ती आपल्या गाफीलपणाची किंमत समजावी. ज्या काळी विक्रेता व ग्राहक एकाच पेठेत राहत, परस्परांच्या घराण्यांची नावे जाणत आणि उद्या पुन्हा एकमेकांस तोंड दाखवणे दोघांनाही भाग असे, त्या काळी या धोरणात मोठा अन्याय नव्हता. परंतु एकोणिसाव्या शतकात कारखान्याचा माल आगगाडीने व आगबोटीने शेकडो कोस दूर जाऊ लागला, तो बनवणारा मनुष्य दृष्टीआड झाला, त्याच्या जागी वेष्टनावरची नाममुद्रा आली आणि वृत्तपत्राच्या स्तंभातून ती नाममुद्रा पूर्ण अपरिचित माणसाशी सलगीने बोलू लागली, तेव्हा या बोलण्याचा जाब कोणी, कोणाला आणि कशाबद्दल द्यायचा हा नवाच प्रश्न उपस्थित झाला. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे क्रमाने पाहू गेल्यास असे दिसते की व्यापारी भाषणातील नीतीचा कस छापलेल्या वाक्यापेक्षा गाळलेल्या वाक्यात अधिक लागतो. आणि ही गोष्ट समाजाला फार उशिरा, फार मोठी किंमत मोजून उमगली.

पहिले महत्त्वाचे उत्तर लंडनमध्ये मिळाले. १८९१ सालच्या नोव्हेंबरात, इन्फ्लुएंझाच्या साथीने लोक धास्तावलेले असताना, कार्बोलिक स्मोक बॉल नावाच्या कंपनीने असे जाहीर केले की आमचे धूम्रगोलक दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे, सूचनेबरहुकूम वापरूनही ज्याला हा ज्वर जडेल त्याला आम्ही शंभर पौंड देऊ, आणि आमच्या सचोटीची खूण म्हणून एक हजार पौंड अलायन्स बँकेत अनामत ठेवले आहेत. कार्लिल नावाच्या बाईंनी ते यंत्र विकत घेऊन नेमाने वापरले, तरीही जानेवारीत त्यांना ज्वर आला, आणि त्यांनी फिर्याद गुदरली. कंपनीची कैफियत अशी की जाहिरात म्हणजे फुगवून बोलणे, ते कोणी शहाणा मनुष्य शब्दशः घेत नाही, आणि साऱ्या जगाशी करार होऊ शकत नाही. अपील न्यायालयाने १८९२ च्या डिसेंबरात ही कैफियत अमान्य केली. बँकेत रक्कम ठेवल्याचे ज्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, त्याला मागाहून ते सारे बोलण्यापुरतेच होते असे म्हणण्याची मुभा नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. छापलेला शब्द विक्रेत्याला बांधून ठेवतो, हे तत्त्व येथे प्रस्थापित झाले आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला ते आजही पहिल्याच वर्षी शिकवतात. मला मात्र या निकालाचा दुसरा परिणाम अधिक विचारणीय वाटतो. बाई जिंकल्या, कारण कंपनीने रक्कम, मुदत आणि वापरण्याची रीत नेमकी सांगितली होती. यातून चतुर जाहिरातदारांनी जो धडा घेतला तो खरे बोलण्याचा असण्याऐवजी संदिग्ध बोलण्याचा होता.

अमेरिकेत याच धड्याचा पुढील अध्याय घडला. १९०५ साली कोलियर्स साप्ताहिकात सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स याने पेटंट औषधांच्या जाहिरातींतील लबाडी उघड करणारी लेखमाला लिहिली, तिने लोकमत प्रक्षुब्ध झाले आणि १९०६ मध्ये शुद्ध अन्न व औषधांचा कायदा संमत झाला. पण पाचच वर्षांनी, कर्करोग बरा करतो अशी बतावणी करणाऱ्या एका औषधविक्रेत्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की बाटलीत काय आहे याविषयी खोटे लिहिणे हा या कायद्याखाली गुन्हा होय. तिने काय बरे होते याविषयी खोटे लिहिणे हा होत नाही! पुढल्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, तथापि तीत फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याची अट घातली गेली. जाहिरातींवर देखरेख ठेवणारा व्यापार आयोग १९१४ मध्ये स्थापन झाला खरा, परंतु खोट्या जाहिरातीने प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याचे नुकसान झाले असेल तरच त्याचा अंमल चाले. ग्राहकाचे नुकसान हे स्वतंत्रपणे दखल घेण्याजोगे आहे, हे मान्य व्हायला १९३८ साल उजाडावे लागले. म्हणजे ज्याला फसवले तो मनुष्य या साऱ्या व्यवस्थेत सर्वांच्या शेवटी दाखल झाला.

आपल्याकडील परिस्थिती याहून निराळी नव्हती. स्वातंत्र्यपूर्व काळातील मराठी वृत्तपत्रांच्या जुन्या संचिका चाळल्या म्हणजे अग्रलेखात स्वराज्य, स्वदेशी व समाजसुधारणा यांचा गंभीर ऊहापोह आणि मागील पानावर धातुपुष्टीच्या गोळ्या, सर्व रोगांवरील एकच रामबाण मात्रा व सिद्ध केलेले ताईत, असे चित्र वारंवार दृष्टीस पडते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असतानाच ‘इंडियन ओपिनियन’मधील जाहिराती बंद केल्या आणि पुढे ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ ही पत्रे जाहिरातींवाचून चालवली. मला ही भूमिका सर्वांनी अनुकरणीय मानावी असे वाटत नाही, कारण जाहिरातीच्या उत्पन्नावाचून दैनिक वृत्तपत्र बहुधा एखाद्या धनिकाच्या किंवा सरकारच्या ओंजळीने पाणी पिऊ लागते. तथापि आपल्या पत्राच्या मागल्या पानाचाही संपादक जबाबदार असतो, हा विचार त्यांनी कृतीने मांडला, ही गोष्ट लहान नव्हे. स्वतंत्र भारताने १९५४ साली औषधे व जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा केला, त्यात विवक्षित रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना आणि ताईत, मंत्र, कवच यांच्या बळावर रोग हटवण्याच्या जाहिरातींनाही मनाई केली. या कायद्याला हमदर्द दवाखान्याने आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात कायद्यातील काही भाग रद्द केला, पण मुख्य तत्त्व असे सांगितले की जाहिरात हा भाषणाचा एक प्रकार असला तरी अशा मालाची केवळ विक्री वाढवण्यासाठी केलेली जाहिरात भाषणस्वातंत्र्याच्या सनदेत बसत नाही, कारण तिचा संबंध विचारप्रसाराशी नसून व्यापाराशी आहे. हे विधान पुढे बदलले, आणि ते कोणत्या युक्तिवादाने बदलले हे या लेखाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्याकडे मी यथावकाश येईन.

ज्या १९५४ साली दिल्लीत ताईत आणि मंत्र यांचा बंदोबस्त होत होता, त्याच वर्षाच्या ४ जानेवारीस अमेरिकेतील चारशेहून अधिक वृत्तपत्रांत तंबाखू कंपन्यांनी मिळून एक पानभर निवेदन प्रसिद्ध केले. आदल्या वर्षी उंदरांवरील प्रयोगांत तंबाखूच्या अर्काने कर्करोग होतो असे दिसून आले होते आणि धूम्रपान करणारा वर्ग हवालदिल झाला होता. हिल अँड नोल्टन या जनसंपर्क संस्थेच्या सल्ल्याने तयार झालेल्या त्या निवेदनात सिगारेटची स्तुती नव्हती. जनतेचे आरोग्य ही आपली मूलभूत जबाबदारी असून धंद्यातील अन्य सर्व विचारांहून ती श्रेष्ठ आहे, असे कंपन्यांनी त्यात म्हटले आणि संशोधनास द्रव्यसाहाय्य देण्याचे अभिवचन दिले. त्या पानातील बरीचशी वाक्ये एकेकटी घेतली तर ती खोटी म्हणून सिद्ध करणे कोणत्याही वकिलाला जड गेले असते. परंतु २००६ साली अमेरिकेतील संघीय न्यायालयाने दीर्घ सुनावणीनंतर असे ठरवले की या कंपन्यांनी अनेक दशके जनतेची फसवणूक केली, धोका ठाऊक असून तो नाकारला आणि संशयाचे धुके टिकवून धरले. न्यायालयाने सांगितलेली दुरुस्तीची निवेदने वृत्तपत्रांत व दूरचित्रवाणीवर येण्यास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. मूळ निवेदनापासून त्रेसष्ट वर्षे लोटली होती. सामाजिक जबाबदारीची भाषा व्यापारी संज्ञापनात इतक्या ठळकपणे अवतरली तेव्हा तिची नेमणूक ढाल म्हणून झाली होती, हे ज्याला त्या भाषेविषयी मनापासून आदर आहे त्याने कदापि विसरू नये.

खोटे न बोलता भुलवण्याच्या या कलेची पूर्वतयारी त्याच धंद्यात आधी होऊन गेली होती. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर काही तरुण स्त्रिया भर मिरवणुकीत सिगारेट ओढताना दिसल्या आणि स्त्रीस्वातंत्र्याच्या मशाली म्हणून त्याची वार्ता देशभर छापली गेली. ती योजना एडवर्ड बर्नेज या जनसंपर्क सल्लागाराने एका तंबाखू कंपनीसाठी केलेली होती. तेथे मालाविषयी एक अक्षरही बोलले गेले नव्हते, त्यामुळे खोटे बोलल्याचा आरोप करण्यास जागाच नव्हती.

तथापि असत्य वाक्यावाचून किती अनर्थ होऊ शकतो याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण बालकांच्या दुधाचे आहे, आणि माझ्या मते जाहिरातनीतीच्या इतिहासाने खरे वळण घेतले ते येथेच. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाई, ज्यांनी आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये काम करताना क्वाशिओरकोर या कुपोषणजन्य रोगाचे वर्णन वैद्यकशास्त्राला करून दिले, त्यांनी १९३९ साली सिंगापूरच्या रोटरी क्लबात केलेल्या भाषणात साखर घातलेले आटीव दूध तान्ह्या मुलांना योग्य म्हणून विकणाऱ्यांवर हत्येचा उघड आरोप केला. त्या सभेत व्यापारी प्रतिष्ठितांची गर्दी असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बाईंच्या धैर्याची कल्पना येते. पण त्यांचे शब्द तेथेच विरले. पुढील तीन दशकांत बालदुधाच्या भुकटीचा प्रसार आशिया व आफ्रिका खंडांत झपाट्याने झाला. प्रसूतिगृहांत फुकट डबे वाटले गेले, परिचारिकेच्या वेषातील विक्रेत्या बाळंतिणीच्या खाटेपाशी जाऊन बसू लागल्या, आणि डब्यावरचे गुबगुबीत बाळ पाहून गरीब मातेला असे वाटू लागले की आपल्या अंगावरच्या दुधापेक्षा हे दूध श्रेष्ठ असले पाहिजे. डब्यातली भुकटी उत्तम होती. ती कशी कालवावी हेही डब्यावर छापलेले होते. परंतु जिला अक्षरओळख नाही, जिच्या घरी सरपण मोजून वापरले जाते व पाणी डबक्यातून येते, आणि जिच्या नवऱ्याच्या मजुरीचा मोठा हिस्सा एका डब्यात संपतो, ती माता ते दूध पातळ करून, न उकळलेल्या पाण्यात, न उकळलेल्या बाटलीतून पाजणार, आणि तोवर तिचे स्वतःचे दूध आटून गेलेले असणार, ही गोष्ट कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नव्हती. हे गाळलेले वाक्य असंख्य बालकांच्या मृत्यूस कारण झाले.

१९७४ साली ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेने या विषयावर पुस्तिका काढली, स्वित्झर्लंडमधील एका गटाने तिचे भाषांतर अधिक जहाल शीर्षकाखाली प्रसिद्ध केले आणि नेस्ले कंपनीने त्या गटावर अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. १९७६ मध्ये बर्नच्या न्यायाधीशांनी शीर्षक बदनामीकारक ठरवून प्रतिवादींना किरकोळ दंड केला, परंतु त्याच वेळी कंपनीने आपल्या जाहिरातीच्या पद्धतींचा फेरविचार करावा असेही बजावले. कंपनी कायद्यात जिंकली आणि लोकमतात हरली. पुढल्या वर्षी अमेरिकेत तिच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली, आणि १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसाठी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. ११८ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले, विरुद्ध मत एकट्या अमेरिकेचे पडले. भारताने १९९२ साली या संहितेला कायद्याचे रूप दिले, आणि तो कायदा वाचताना मला त्याच्या कर्त्यांविषयी आदर वाटतो, कारण अन्याय कोणत्या वाटांनी आत शिरतो हे त्यांनी बारकाईने हेरलेले दिसते. जाहिरात बंद, फुकट नमुने बंद, रुग्णालयाला व डॉक्टरला भेटी बंद, डब्यावर बालकाचे अथवा स्त्रीचे चित्र बंद. इतकेच काय, विक्रीच्या प्रमाणात नोकरांना वेतन वा बक्षिशी देण्यासही मनाई. आईचे दूध हेच बाळाला सर्वोत्तम, ही ओळ डब्यावर छापणे सक्तीचे झाले. म्हणजे जे वाक्य विक्रेता गाळत होता ते त्याच्याच खर्चाने त्याच्याच डब्यावर छापण्याचा हुकूम निघाला. मुंबईतील ‘अकॅश’ या ग्राहकआरोग्य संस्थेला या कायद्याखाली फिर्याद करण्याचा अधिकार दिला गेला, हेही तितकेच दूरदृष्टीचे होते, कारण तान्हे मूल तक्रार करू शकत नाही आणि त्याच्या आईला कोर्टाची पायरी परवडत नाही.

मौनाच्या याच प्रकाराचे आणखी एक उदाहरण आपल्या भूमीशी निगडित आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नियतकालिकांत युनियन कार्बाइड या कंपनीची एक सचित्र जाहिरात प्रसिद्ध झाली होती: आभाळातून एक प्रचंड हात उतरून भारताच्या भूमीवर काचपात्रातील लाल द्रव ओततो आहे, खाली बैलांनिशी नांगरणारा शेतकरी आहे, आणि मजकुरात विज्ञान नवा भारत उभारीत आहे असे सांगून मुंबईजवळच्या रासायनिक कारखान्याचा उल्लेख केला आहे. मजकुरातील तपशील खोटा नव्हता, आणि ज्या देशात तेव्हा धान्य परदेशी बोटींतून येत होते तेथे विज्ञानावरील ही श्रद्धा हास्यास्पदही नव्हती. एव्हरेडीच्या बॅटरीमुळे ती कंपनी घरोघरी विश्वासाची झालेली होती. २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तिच्या भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा कुंपणापलीकडे झोपड्यांतून राहणाऱ्या माणसांना त्या टाक्यांत काय साठवले आहे, वायू सुटल्यास कोणत्या दिशेने जावे, निदान तोंडावर ओले फडके धरावे, एवढेही कोणी सांगितलेले नव्हते. राजकुमार केसवानी हे स्थानिक पत्रकार १९८२ पासून या धोक्याचा इशारा देत होते, पण त्यांच्यापाशी एक छोटे साप्ताहिक होते आणि कंपनीपाशी दोन खंडांतील रंगीत पाने होती. ज्याला माल विकायचा नाही, पण ज्याच्या अंगणाशेजारी तो बनतो, त्याच्याशीही कंपनीचे काही बोलणे असते आणि ते बोलणे तिने टाळले तर तो अपराध होय, हा विचार भोपाळनंतरच जगाने गांभीर्याने घेतला.

तोपर्यंत ग्राहक स्वतःही संघटित होऊ लागला होता. मुंबईत १९६६ साली काही गृहिणींनी पुढाकार घेऊन भारतीय ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, १९८५ मध्ये जाहिरातदारांनी व वृत्तपत्रांनी मिळून मुंबईतच जाहिरात मानक परिषद स्थापन केली, आणि १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माहिती मिळण्याचा अधिकार ग्राहकाच्या अधिकारांत नोंदवला. आणि आता वर राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. १९९५ साली टाटा प्रेस ही कंपनी आणि मुंबईची दूरध्वनी सेवा चालवणारे महानगर टेलिफोन निगम यांच्यात जाहिरातींच्या पिवळ्या पानांवरून झालेल्या तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने आपला जुना कल मागे टाकून व्यापारी जाहिरातही भाषणस्वातंत्र्यात मोडते असे जाहीर केले. कंपन्यांनी हा आपला विजय मानला. परंतु न्यायालयाने त्यासाठी जो आधार दिला त्यात ऐकणाऱ्याच्या हक्काला मोठे स्थान होते: जनतेला वस्तूंविषयी माहिती मिळण्याचा हक्क आहे, आणि औषधाच्या जाहिरातीची गरज ती देणाऱ्यापेक्षा रुग्णाला अधिक असू शकते. आता हे स्वातंत्र्य जर श्रोत्याच्या हितासाठी दिलेले असेल, तर श्रोत्याला जे जाणणे अत्यावश्यक आहे ते दडवणारा जाहिरातदार त्या स्वातंत्र्याच्या मुळावरच घाव घालतो, असा निष्कर्ष निघाल्यावाचून राहत नाही. निकालाची ही बाजू आमच्या वकीलवर्गाने व संपादकवर्गाने पुरेशी उचलून धरली नाही, याची मला खंत आहे.

गोरेपणाच्या मलमाची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांस ज्ञात आहे. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हली या मलमाने सावळी मुलगी म्हणजे अडलेली मुलगी, हे समीकरण घराघरांत पोहोचवले. ते समीकरण कंपनीने निर्माण केले नव्हते. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ वधू मागणाऱ्या आमच्याच विवाहविषयक छोट्या जाहिराती त्याआधीपासून ते पाठ करीत होत्या. महिला संघटनांच्या तक्रारींनंतर २००३ मध्ये काही चित्रफिती मागे घेतल्या गेल्या, २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने वर्णावरून न्यूनता दाखवण्यास मनाई करणारी मार्गदर्शक सूत्रे काढली, आणि २०२० मध्ये मलमाच्या नावातील गोरेपणा गेला. समाजात आधीच असलेल्या दुर्गुणाला खतपाणी घालून त्यावर नफा मिळवणारा त्या दुर्गुणाचा भागीदार ठरतो, एवढे या प्रकरणाने स्पष्ट केले.

या साऱ्या खेदजनक इतिहासात महाराष्ट्राने एक वेगळा दाखला घालून दिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर विकू लागले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिले नांगर खपण्यास फार कष्ट पडले. माल खपायचा तर आधी माणसाचे मन मोकळे झाले पाहिजे, हा अनुभव त्या घराण्याच्या हाडीमाशी मुरला असावा. १९२० साली किर्लोस्करवाडीहून कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे पाहता पाहता ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि त्यानंतर ‘मनोहर’ ही भावंडे त्याला लाभली. रूढी, जातिभेद, अंधश्रद्धा, स्त्रियांची परवशता यांवर या मासिकांनी जे लिहिले व लिहवून घेतले ते नांगर घेणाऱ्या कित्येक गिऱ्हाइकांना रुचणारे नव्हते. येथे व्यापारी हेतू लपवलेला नव्हता, कंपनीचे नाव मासिकाच्या माथ्यावरच होते, आणि तरीही गिऱ्हाइकाची खुशामत करण्याऐवजी त्याच्याशी वाद घालण्याची हिंमत होती. सामाजिक जबाबदारीची परीक्षा करण्याचे मला एक माप या उदाहरणात मिळते: आपल्या म्हणण्यापायी कंपनीने कोणता तोटा पत्करला?

या मापाने आजचा काळ पाहिला की चित्त विषण्ण होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असे ठरले, आणि मालाच्या प्रसिद्धीचा लाभ मिळवण्यासाठी दिलेला पुरस्कृत निधी त्यात धरता येणार नाही, असे २०२१ च्या नियमांत स्पष्ट केले गेले. हे योग्यच झाले. तथापि शाळेला दिलेल्या देणगीपेक्षा त्या देणगीच्या चित्रफितीवर जाहिरातखात्यातून अधिक खर्च करण्यास कोणाचाच अटकाव नाही. माझी सूचना अशी की वार्षिक अहवालात सत्कार्यावर किती खर्चले आणि त्या सत्कार्याच्या प्रसिद्धीवर किती खर्चले, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापण्याची सक्ती असावी. तिकडे तंबाखूच्या जाहिरातीस २००३ च्या कायद्याने बंदी झाली आणि महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाही निषिद्ध झाला, तरी तीच नावे आणि तीच वेष्टने वेलदोड्याच्या दाण्यांसाठी म्हणून पडद्यावर झळकत राहिली, आणि ज्यांना लक्षावधी तरुण आदर्श मानतात अशा नटांनी आपले चेहरे त्यांना भाड्याने दिले. त्या जाहिरातीत तंबाखू हा शब्द नसतो. पाहणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकू येतो.

२०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करताना महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे याचाही तीत समावेश केला. उत्पादकास प्रथम अपराधासाठी १० लाख व पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि शिफारस करणाऱ्या नामवंतालाही काही काळ शिफारशी करण्यास बंदी घालता येईल अशी तरतूद केली. २०२२ च्या मार्गदर्शक सूत्रांनी आडून केलेल्या जाहिरातींना मनाई केली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात पर्यावरणविषयक पोकळ दाव्यांसाठी स्वतंत्र सूत्रे निघाली. ज्या मौनाला कार्लिलबाईंच्या काळी कायद्यात नावही नव्हते त्याला आता कलम मिळाले आहे.

परंतु कलम चालायचे तर कोणीतरी जाहिरात पाहिली पाहिजे. आतापर्यंतचा सगळा इतिहास या गृहीतावर उभा आहे की विक्रेता जे सांगतो ते ज्याला सांगतो त्याच्याखेरीज इतरांच्याही कानी पडते: प्रतिस्पर्ध्याच्या, डॉक्टरच्या, संपादकाच्या, एखाद्या जागरूक गृहिणीच्या. आज फोनच्या पडद्यावर माणसागणिक निराळी जाहिरात उमटते, आणि मधुमेह कायमचा घालवतो अशी बतावणी सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या वृद्ध रुग्णाला मराठीत, त्याची व्याधी ओळखून, चार दिवस दाखवून काढून घेतली, तर दिल्लीत बसलेल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला तिचा मागमूस लागण्याचा संभव थोडा. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्यात अतिविशाल मंचांना जाहिरातींचे खुले दप्तर ठेवणे बंधनकारक केले आहे. जाहिरात कोणाची, पैसा कोणी भरला, कोणत्या वर्गाला उद्देशून ती दाखवली आणि किती काळ दाखवली, हे त्यात कोणासही पाहता येते आणि जाहिरात बंद झाल्यावरही ती नोंद वर्षभर राहते. आपल्या ग्राहक संघटनांनी अशा दप्तराची मागणी संसदेपुढे लावून धरावी, ते मराठीसह प्रत्येक भाषेत शोधता यावे असा आग्रह धरावा, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या वैद्यक अधिकाऱ्यास व शाळामास्तरांसही त्यावरून थेट तक्रार नोंदवता येईल अशी सोय मागावी. कारण फसलेला मनुष्य बहुतेक वेळा तक्रार घेऊन याच दोघांपाशी आधी जातो.